बाबासाहेबांच्या विरोधात उभा राहिलेला आपला गोलंदाज

पेण सोडले की नागोठण्याच्या आधी कासू स्टेशन लागते. भातकापणी झाली की या पट्ट्यातल्या मोकळ्या शेतांत टेनिस बॉलच्या मॅची सुरू होतात. पोरांच्या टी-शर्टवर कोहली असतो, बुमराह असतो. पालवणकर बाळू हे नाव त्यातल्या किती जणांनी ऐकले असेल? सवर्णांनी ते पुसले, हे ठरलेले उत्तर अर्धेच खरे आहे. आपणही ते बाजूला ठेवले, आणि का ठेवले हे बोलायला आपण कचरतो.

बाळूंचा जन्म 1876 चा, चर्मकार कुटुंबातला. पुण्यात युरोपियनांच्या जिमखान्यावर खेळपट्टी लाटायची, जाळी बांधायची, साहेबांना सरावाला चेंडू टाकायचे, हे त्यांचे काम. महिन्याचा पगार चार रुपये. तिथेच त्यांची डावखुरी फिरकी तयार झाली. मग इंग्रजांना हरवायचे म्हणून पुण्याच्या हिंदूंना बाळू हवे झाले. मैदानात त्यांनी टाकलेला चेंडू झेलायला विटाळ नव्हता. चहाच्या सुट्टीत मात्र बाळूंना मंडपाबाहेर मातीच्या भांड्यात चहा. 20 मार्च 1927 ला महाडच्या चवदार तळ्यावर जो प्रश्न उभा राहिला, तोच हा प्रश्न.

1906 मध्ये मुंबईत हिंदू संघाने युरोपियनांना 109 धावांनी हरवले, त्या संघात बाळू आणि धाकटे भाऊ शिवराम होते. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात संघ सपाटून मार खात होता आणि बाळूंनी 114 बळी घेतले. म्हणजे 'मेरिट' सिद्ध झाले ना? आरक्षणावर तोंडसुख घेणाऱ्यांनी आता सांगावे, हे मेरिट कर्णधारपदापर्यंत का पोचले नाही? हिंदू संघाचे कर्णधार ते कधीच झाले नाहीत.

1920 मध्ये तर बाळूंना संघातूनच वगळले आणि भावांना डावलून कर्णधारपद दुसऱ्याला दिले. तेव्हा शिवराम आणि विठ्ठल यांनी खेळायलाच नकार दिला आणि कारण जाहीरपणे सांगितले. पुढच्या सामन्यात बाळू संघात परतले, तेही उपकर्णधार म्हणून! 1923 मध्ये विठ्ठल कर्णधार झाले. वीस वर्षांच्या बळींनी जे मिळाले नाही त्याचे दार एका नकाराने उघडले. हा नकार महाडच्या सात वर्षे आधीचा आहे. आपल्या चळवळीच्या इतिहासात त्याला जागा का नाही?

कारण पुढचा भाग आपल्याला टोचतो. बाळूंनी स्वतंत्र मतदारसंघाला विरोध केला. पुणे करारावर त्यांची सही आहे. 1937 च्या निवडणुकीत काँग्रेसने मुंबईत बाबासाहेबांच्या विरोधात त्यांनाच उभे केले. बाबासाहेबांना 13,245 मते पडली, बाळूंना 11,225. काँग्रेसची ही चाल नीट पाहा: ज्या खेळाडूचा तरुण बाबासाहेबांना अभिमान होता, तोच त्यांच्यासमोर.

राजकारणात बाळू चुकले, असेच आमचे मत आहे आणि ते लपवायचे कारण नाही. सवर्णांचे मन बदलेल यावर त्यांनी विश्वास ठेवला. पण त्यांचे स्वतःचे मैदानावरचे आयुष्य साक्ष देते ती बाबासाहेबांच्या बाजूने: गुणाला टाळ्या मिळतात, अधिकार मागून घ्यावा लागतो. एका निवडणुकीसाठी अशी साक्ष फेकून द्यायची, आणि वर चर्मकार बांधव आपल्यापासून दूर का राहतात असे विचारायचे, हे आम्हाला पटत नाही.

4 जुलै 1955 ला बाळू मुंबईत गेले. यंदा पेण-रोहा पट्ट्यातल्या एखाद्या भीमजयंती स्पर्धेत उत्कृष्ट गोलंदाजाच्या चषकाला त्यांचे नाव द्यावे, असे आम्ही सुचवतो. कोणी म्हणेल, बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिलेल्या माणसाचे? हो, त्यांचेच.