नाकापासून हिरडीपर्यंत

दिवाळीत अकोल्याला घरी गेलो तेव्हा आईच्या खालच्या दोन दातांची मुळं उघडी पडलेली दिसली. वर्षानुवर्षांची मिश्री, दुसरं काय! अमरावतीचे हिरड्यांचे डॉक्टर म्हणाले, टाळूतून थोडा भाग काढून तिथे लावू. आई घाबरलीच. "तोंडातलं मास कापून तोंडातच लावतेत का बाप्पा?"

मी पडलो सॉफ्टवेअरवाला. कुठलीही गोष्ट दिसली की तिची जुनी व्हर्जन हुडकायची खोड. हुडकत हुडकत पोचलो थेट पेशवाईतल्या पुण्यात.

कावसजी हा इंग्रज फौजेतला गाडीवान. १७९२ च्या लढाईत टिपूच्या हाती सापडला आणि नाक व एक हात गमावून बसला. वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळ, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसानं त्याला नवं नाक करून दिलं. आधी मेणाचं नाक केलं, ते सपाट करून कपाळावर ठेवलं, भोवती रेघ मारली आणि तेवढी कातडी सोडवली. पण पूर्ण नाही! दोन भुवयांच्या मधे एक बारीक देठ ठेवला. त्या देठातून रक्त येत राहिलं म्हणून कातडी जगली. साधारण पंचविसाव्या दिवशी, नवी जागा धरल्यावर, देठ कापला. जोडावर काथ लावलेल्या पट्ट्या होत्या. (हो, आपला पानातला काथ.) लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ऑक्टोबर १७९४ ला हे चित्रासकट छापून आलं. ते वाचून कार्प्यू नावाच्या सर्जननं १८१४ मध्ये लंडनमध्ये तसंच नाक केलं. कावसजीचं नाव छापलं गेलं, नाक करणाऱ्याचं मात्र नाही. असो.

आता हिरडी. इथली गोची अशी की दाताचं उघडं मूळ म्हणजे खडक. त्यातून रक्त मिळत नाही. त्यावर नुसतं ठिगळ लावलं तर जगणार कसं? १९५६ मध्ये अमेरिकेत ग्रुप आणि वॉरन यांनी शेजारच्या दाताची हिरडी बाजूला सरकवून मुळावर आणली, देठ कायम ठेवून. म्हणजे कावसजीचंच तंत्र! पण शेजारची हिरडी जाड नसली तर? मग साठच्या दशकात टाळूचा तुकडा पूर्ण काढून लावायला लागले. त्याला रक्त फक्त कडेनं मिळतं, म्हणून मूळ रुंद असलं की मधला भाग मरायची भीती. शिवाय रंग वेगळा, ट्यूबच्या पंक्चरसारखा. १९८५ मध्ये लँगर आणि लँगर यांनी दोन्ही गोष्टी जुळवल्या. टाळूच्या वरच्या सालीखालचा भाग घ्यायचा, तो मुळावर ठेवायचा आणि वरून देठ असलेली हिरडी ओढून घ्यायची. सँडविच! रक्त दोन्हीकडून.

आईचं हेच करायचं आहे. डॉक्टरांची अट एकच: मिश्री बंद. तंबाखूनं रक्तवाहिन्या आकसतात आणि इथे सगळा खेळच रक्ताचा.

हे सगळं मी आईला ऐकवलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग त्या गाडीवानाचं नाक सुदं दिसे का?"

म्हटलं, त्या पत्रात लिहिलंय, जवळजवळ खऱ्यासारखंच दिसायचं.

मिश्रीची डबी तिनं फडताळात वरच्या फळीवर ठेवली आहे. फेकली नाही अजून. ऑपरेशन पुढच्या महिन्यात.