स्वामी निघाले, मठ निघाला

सारस्वत ब्राह्मणांचे मठ नकाशावर मांडले तर ते समुद्राच्या कडेकडेने गोव्यापासून खाली कारवारकडे उतरत गेलेले दिसतात. मठाची जागा तीर्थमाहात्म्याने ठरते असं आपण धरून चालतो. इथे ती ठरली शिष्य कुठे पांगले यावरून.

स्मार्तांचा कवळे मठ, म्हणजे गौडपादाचार्य मठ, मूळचा साष्टीतल्या केळशीचा. १५६०च्या दशकात पोर्तुगीजांनी साष्टीतली देवळं पाडली तेव्हा केळशीची शांतादुर्गा झुआरीपलीकडे कवळ्याला आली. तिथे आदिलशाही होती. पाद्र्यांचा हुकूम नदीपाशीच संपत असे. मठाने मात्र आधी उत्तरेची वाट धरली. मालवणकडच्या गोळवण, चिंदर या गावांत स्वामींच्या समाध्या आहेत. देवीच्या शेजारी कवळ्याला मठ उभा राहिला तो बऱ्याच काळाने. मूर्ती रातोरात होडीत घालून नेता येते. मठाला वतन लागतं, पोसणारी घरं लागतात.

वैष्णवांचा पर्तगाळी मठ आपली परंपरा १४७५पासून सांगतो. त्याचं मूळ उडुपीच्या पलिमारू मठात. भटकळहून तो काणकोणात कुशावतीकाठी आला.

खरी मजा चित्रापूर मठाची. कानडा मुलखात गेलेल्या सारस्वतांना तिथल्या नगरच्या (बिदनूरच्या) दरबारात विचारणा झाली, म्हणे, की तुमचा गुरू कोण? गुरू नसेल तर शृंगेरीच्या स्वामींना माना! तेव्हा मंडळींनी गोकर्णाला महाबळेश्वराला साकडं घातलं आणि उत्तरेकडून एक संन्यासी आले, ते परिज्ञानाश्रम. साल १७०८. कथेत दैवी भाग असेल तो असो, पण दरबारात पत राखायला गुरू हवा, हा व्यवहार त्यात लपत नाही. दुसरे स्वामी शंकराश्रम १७५७ साली शिरालीत समाधिस्थ झाले आणि मठही तिथलाच झाला.

इंग्रजी अमलात माणसं मुंबईला आली. त्यांतल्याच रामा कामती या सारस्वत व्यापाऱ्याने १७१५मध्ये वाळकेश्वराचं देऊळ पुन्हा बांधलं. त्या देवळाजवळच्या बाणगंगेच्या काठी आज कवळे मठ आहे आणि वैष्णव सारस्वतांचा काशी मठही; एक अद्वैती, दुसरा द्वैती, तलाव एकच. काशी मठाच्या माधवेंद्र तीर्थांची १७७५ची समाधी तिथेच आहे. शिरालीकरांची, म्हणजे चित्रापूर मठाच्या शिष्यांची, रीत आणखी रोखठोक: कमाईतला मठाचा वाटा, म्हणजे वंतिगा, शिष्य जिथे असेल तिथून पाठवतो.