म्हात्रे कनच्या गावचा?

जुलै 1998. पाऊस तिरका मारतोय. वाशीतल्या थिएटराच्या दारात छत्री झटकून तुम्ही तिकीट पुढे करता. ‘सत्या’ 3 तारखेला लागलाय. पोस्टरवर ओळखीचा चेहरा काय तो उर्मिला मातोंडकरचा. वर बाल्कनीत, नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोच्या इमारतींतली नोकरदार माणसं बसलीत. 1992 साली खाडी ओलांडून लोकल आली आणि मग त्यांनी इकडे बिऱ्हाड हलवलं. खाली स्टॉलला तुर्भ्याच्या मार्केटातले माथाडी आणि जुहूगाव, कोपरी, घणसोलीची आगरी पोरं. तुम्हाला खालीच जागा मिळते.

तुरुंगात एक गुंड सत्या नावाच्या नव्या कैद्याशी भिडतो, मार खातो आणि वर त्याच्यावरच खूश होतो. त्याचं नाव कळतं: भिकू म्हात्रे. आगऱ्यांतलं आडनाव. तुमच्या भोवतीचा अख्खा स्टॉल उसळतो. हिंदी पडद्यावर मधोमध उभं राहायचा मान खन्ना-मल्होत्रांचा. म्हात्रे असलाच तर हवालदार. इथे मनोज बाजपेयी खडकावर उभा राहून अख्ख्या मुंबईला ललकारतो आणि मागची रांग त्याच्याबरोबर ओरडते. तुमच्या शेजारी टोपीवाले आजोबा आहेत. ते नातवाला कोपराने ढोसतात: “कनच्या गावचा र तो?”

नातू उत्तर देत नाही. सिनेमाही देत नाही.

मध्यंतरात वड्याच्या रांगेत भांडण पेटतं. एकाला राग आलाय, की आपलं आडनाव घेतलं ते गुंडाला लावायला. दुसरा म्हणतो, गुंड असू दे, पण बायकोशी भांडतो ते बघ, आपल्या घरातला वाटतो. बाल्कनीतून उतरलेल्या एक बाई नवऱ्याला म्हणतात, पेपरात रोज हेच वाचायचं आणि पैसे देऊन पुन्हा हेच बघायचं? त्यांचंही खरं आहे. 12 ऑगस्ट 1997 ला अंधेरीत कॅसेटवाल्या गुलशन कुमारना भर दिवसा गोळ्या घातल्या, त्याला अजून वर्षही झालेलं नाही.

असं भांडण तुम्हाला दूरच्या एका कारखान्यांच्या शहरातही ऐकायला मिळेल. इथूनच मागे चला, 1972 च्या मिलानमध्ये. तीनच वर्षांपूर्वी, 12 डिसेंबर 1969 ला, पियाझ्झा फोंतानातल्या बँकेत बॉम्ब फुटून 17 माणसं गेलीत. दक्षिणेतले गरीब कारखान्यांत कामाला येतायत. फेर्नांदो दी लेओचा ‘मिलानो कालिब्रो 9’ लागलाय. सुरुवातीलाच माणसांना बांधून सुरुंगाने उडवतात. असल्या पोलीस-गुंडपटांना तिथले समीक्षक नाकं मुरडतात, काही जण सरळ फॅसिस्ट म्हणतात. स्वस्त थिएटरं मात्र भरतात. पण या सिनेमात एक जागा आहे, ती नीट बघा. दोन पोलीस अधिकारी ऑफिसात वाद घालतात. एकाला गुन्हेगार ठेचायचेत. दुसरा विचारतो, हे गरीब इथे का आले, त्यांना कुणी आणलं? प्रेक्षकांतलं भांडण दी लेओने पडद्यावरच मांडलंय.

घंटा होते. वाशीत परत या. आता पडद्यावरही थिएटरच आहे. पोलीस दारं अडवतात, सत्या गोळी झाडतो, चेंगराचेंगरी होते. तुमच्या रांगेतले पाय आपोआप आखडतात. मग राजकारणी भाऊ ठाकुरदास जावळे हसत-बोलत असतानाच भिकूच्या डोक्यात गोळी घालतो. ना शेवटचं भाषण, ना संगीताचा कढ. शिट्ट्या मारणारी पोरं मुकाट बसतात. रामगोपाल वर्मा आणि अनुराग कश्यप-सौरभ शुक्ला या लेखकांचं हे मोठेपण मी मनापासून मानतो: त्यांनी मरणाला सजवलेलं नाही.

तरी आजोबांचा प्रश्न राहतोच. त्यासाठी तुम्हाला आणखी चौदा वर्षं मागे जावं लागेल, उरणकडे.

16 जानेवारी 1984. दास्तान फाटा. रस्ता माणसांनी भरलाय. आगरी, कोळी, कराडी. बायका पुढे, मुलं कडेवर. त्याच सिडकोसाठी 95 गावांची भातशेती आणि मिठागरं सरकारने घेतलीत, आणि शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांनी रास्त मोबदल्यासाठी गावंच्या गावं उठवलीत. पोलिसांच्या बंदुका वर होतात. दुसऱ्या दिवशी नवघरलाही गोळीबार होतो. दोन दिवसांत पाच शेतकरी पडतात. या लढ्यातूनच साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना येते. त्या भूखंडांवर बिल्डर उभे राहतात, हातात एकदम पैसा येतो, आणि नांगर धरलेल्या घरातल्या पोराला आता करायचं काय, हे कुणी सांगत नाही.

1998 च्या स्टॉलमध्ये शिट्ट्या मारणारी पोरं तेव्हा पाच-सहा वर्षांची होती. म्हणून मला त्यांच्या जल्लोषाचा राग येत नाही, आणि आडनावासाठी चिडलेल्यांचाही येत नाही. दोघांना एकच हवं होतं: आपलं माणूस पडद्यावर, पुरतं. मुंबईच्या गुन्हेपटांनी या माणसांकडून नाव घेतलं, रग घेतली. जमीन तेवढी वगळली. पुढचा म्हात्रे जो कोणी लिहील, त्याने तुरुंगापासून सुरुवात करू नये. दास्तान फाट्यावर, आईच्या कडेवरच्या पोरापासून करावी.