एक पंचमांश लहान, नाहीतर मोठी

पॅरिसचा लूव्र राजवाडा १० ऑगस्ट १७९३ रोजी संग्रहालय म्हणून खुला झाला, तेव्हा त्याचे पहिले मानकरी चित्रकार होते. क्रांतीने लवकरच आठवडा दहा दिवसांचा केला. त्यातले शेवटचे तीनच दिवस बघ्यांचे. त्याहून जास्त दिवस जुन्या उस्तादांसमोर बसून प्रतिकृती करणाऱ्यांचे.

मूळ चित्रासमोर ईझल लावले की पहिला धडा मिळतो तो अंतराचा. स्पॅनिश चित्रकार व्हेलास्केझने काढलेले, तिथले बाल-राजकन्या मार्गारीटाचे व्यक्तिचित्रच घ्या. चार पावलांवरून मार्गारीटाच्या झग्यावरची काळी लेस लख्ख दिसते. जवळ जावे तर लेस गायब. उरतात सैल हाताने मारलेले ब्रशचे फटकारे. धागान् धागा रंगवायला बसलेल्या शिकाऊ माणसाची मग फजिती होते. छापील चित्रावरून हे कळत नाही, आणि मास्तरांनी सांगून तर नाहीच.

साधारण १८६२ साली याच राजकन्येसमोर चित्रकार एदगार देगा उभा होता. हातात तांब्याचा पत्रा, आणि कच्चे रेखाटन न करता तो थेट त्यावरच सुई चालवत होता. हे धाडस पाहून एदुआर माने हा दुसरा चित्रकार थबकला आणि दोघांची ओळख झाली, असे सांगतात. मानेनेही लूव्रमधल्या ‘छोटे उमराव’ची प्रतिकृती व्हेलास्केझचे चित्र म्हणूनच केली होती. पुढे जाणकारांनी ते मूळ चित्र व्हेलास्केझचे नव्हेच असे ठरवले. मानेचा हात तोवर तयार झाला होता.

मुलींना तर या दालनांचाच आधार. पॅरिसच्या सरकारी कलाशाळेचे दार त्यांना १८९७ पर्यंत बंद होते. चित्रकार बेर्त मोरिसो आणि तिची बहीण एदमा यांनी १८५८ मध्ये लूव्रमध्ये नावे नोंदवली. मानेची ओळखही बेर्तला तिथेच झाली.

नकलेला मुभा असली तरी बनावटीची धास्ती आहेच. म्हणून प्रतिकृती मुळापेक्षा एक पंचमांशाने लहान किंवा मोठी हवी, मूळ चित्रकाराची सही उतरवायची नाही, आणि कॅनव्हासच्या पाठीवर संग्रहालयाचा शिक्का.

चित्रकारांच्या चौकस नजरेचा संग्रहालयालाही एकदा उपयोग झाला. २२ ऑगस्ट १९११ च्या सकाळी लुई बेरू हा चित्रकार रंगांची पेटी घेऊन मोनालिसाच्या दालनात आला. भिंतीवर नुसते हुक. पहारेकऱ्यांना वाटले, चित्र फोटो काढायला नेले असेल. बेरूने मात्र पुन्हा चौकशी करायला लावली. चित्र चोरीला जाऊन तोवर एक दिवस उलटला होता.