नावाची पाटी

परभणीहून हैदराबाद म्हणजे आपल्याला एका रात्रीची गाडी. मागच्या हिवाळ्यात नातीला तिथल्या पब्लिक गार्डनमधलं संग्रहालय दाखवलं. तिथे इजिप्तची ममी आहे. आपली परभणी निजामाच्या राज्यात होती तेव्हा, १९२० च्या सुमारास, सहाव्या निजामाचे जावई नजीर नवाज जंग यांनी ती एक हजार पौंडांना विकत आणली. १९३० मध्ये ती संग्रहालयात आली.

नात म्हणाली, "आजोबा, मेल्यावर एवढी सजावट कशाला?"

म्हटलं, आत्मा परत येतो, त्याला आपला देह ओळखू यावा, म्हणून शवपेटीवर चेहरा रंगवत. इजिप्तमध्ये चांगलं लाकूड कमी. श्रीमंत लोक लेबनॉनहून देवदार मागवत. बाकीच्यांना आपल्या उंबराच्या जातीचं झाड. वेडेवाकडे तुकडे लाकडी खुंट्यांनी जोडायचे, भेगा लिंपायच्या, वर रंग. जुन्या पेट्यांवर एका बाजूला दोन डोळे काढत, आतल्या माणसाला सूर्योदय दिसावा म्हणून. पुढे झाकणाच्या आत आकाशदेवी नूत आली, लेकरावर पांघरूण घालावं तशी. काही पेट्या आधीच तयार असत, फक्त नावाची जागा कोरी. गिऱ्हाईक आलं की नाव लिहायचं. नाव पुसलं तर माणूस दुसऱ्यांदा मेला, अशी त्यांची समजूत.

पंचवीस वर्षांत आपल्यातलीही बरीच माणसं गेली. यंदा गेटवरची पाटी नवी होतेय. जुनी भंगारात देऊ नका, कार्यालयात लावा, एवढीच कमिटीला विनंती. आमचा प्लॉट हिच्या नावावर होता; त्या पाटीवर अजून तिचंच नाव आहे.