कर्जमाफीची संगणकीय नियमावली : २०१७ व २०१९ च्या योजनांचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना : शासकीय योजनेचे निकष संगणकप्रणालीत उतरवताना लाभार्थ्याची माहिती स्वतंत्र गुणधर्मांत विभागली जाते आणि अटीनुसार त्या गुणधर्मांचे गट बनवले जातात. एखादी अट लागू असेल तरच तिच्याशी निगडित गट तपासला जातो. ही प्रक्रिया तांत्रिक दिसत असली तरी तिचे सामाजिक परिणाम दूरगामी असतात. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील दोन कर्जमाफी योजनांच्या आधारे या प्रक्रियेचा आढावा घेतला आहे.

२०१७ ची योजना : तत्कालीन अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्याच्या राहाता तालुक्यातील पुणतांबा येथून पुढे आलेल्या शेतकरी संपाच्या हाकेनुसार १ जून २०१७ रोजी संप सुरू झाला. त्याच महिन्यात ‘छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना’ जाहीर झाली. ३४ हजार २२ कोटी रुपयांची ही योजना सुमारे ८९ लाख शेतकऱ्यांसाठी असल्याचे सांगण्यात आले.

या योजनेत शेतकऱ्यांचे तीन गट पडले. दीड लाखापर्यंत थकबाकी असणाऱ्यांना पूर्ण माफी होती. त्याहून अधिक थकबाकी असणाऱ्यांनी वरची रक्कम भरल्यास त्यांना दीड लाखाचा लाभ मिळणार होता. नियमित परतफेड करणाऱ्यांना कर्जाच्या २५ टक्के, कमाल २५ हजार रुपये, प्रोत्साहनपर देण्याचे ठरले. प्रत्येक गटासाठी वेगळी माहिती आवश्यक होती. शिवाय पती, पत्नी व १८ वर्षांखालील अपत्ये हे ‘कुटुंब’ एकक मानल्यामुळे एका खात्याचा निर्णय दुसऱ्या खात्यावर अवलंबून राहिला. आयकरदाते, लोकप्रतिनिधी व शासकीय कर्मचारी (चतुर्थ श्रेणी वगळून) यांना वगळण्याच्या अटी निराळ्याच होत्या.

शेतकऱ्यांनी ‘आपले सरकार’ संकेतस्थळावर अर्ज भरले, तर बँकांनी ६६ रकान्यांत माहिती पुरवली. दोन्ही माहिती जुळल्यास नाव हिरव्या यादीत येई. न जुळल्यास ते पिवळ्या यादीत जाऊन तालुकास्तरीय समितीकडे पडताळणीसाठी जाई. येथेच नियमाधिष्ठित प्रणालीची मर्यादा स्पष्ट होते. आधार क्रमांकातील एक चुकीचा अंक शेतकऱ्याला अपात्र ठरवत नाही, परंतु पात्रही ठरू देत नाही. ‘होय’ आणि ‘नाही’ यांच्यामधील ही तिसरी अवस्था प्रत्यक्षात प्रतीक्षेची होती, आणि दरम्यान नव्या पीककर्जाचा प्रश्न लोंबकळत राहत होता. २०१८ मध्ये कुटुंबाची अट शिथिल करण्यात आली.

२०१९ ची योजना : डिसेंबर २०१९ मधील ‘महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजने’त हा गुंता कमी करण्यात आला. कुटुंबाऐवजी वैयक्तिक शेतकरी हे एकक ठरले, अर्ज रद्द झाला आणि यादी प्रसिद्ध करून आधार प्रमाणीकरण घेतले गेले. २४ फेब्रुवारी २०२० रोजीच्या पहिल्या यादीत या जिल्ह्यातील ब्राह्मणी (ता. राहुरी) व जखणगाव (ता. नगर) या गावांचा समावेश होता.

तथापि सोपेपणाचीही किंमत होती. ३० सप्टेंबर २०१९ रोजी दोन लाखांहून अधिक थकबाकी असलेली खाती या योजनेत पूर्णतः अपात्र ठरली. २०१७ च्या नियमात एक लाख साठ हजारांचा थकबाकीदार दहा हजार भरून लाभ घेऊ शकत होता. २०१९ च्या मूळ नियमात दोन लाख दहा हजारांच्या थकबाकीदारास तसा मार्ग नव्हता.

निष्कर्ष : पहिल्या योजनेत अटींचे गट अधिक असल्याने न्यायाचा विचार सूक्ष्म झाला, पण अंमलबजावणी रेंगाळली. दुसरीत गट कमी असल्याने गती आली, पण सीमारेषा कठोर झाली. म्हणजेच कोणता गुणधर्म कोणत्या गटात ठेवावा, हा निर्णय केवळ संगणक अभियंत्याचा नसून धोरणाचा आहे. तो घेण्यापूर्वी माहिती अपुरी असणाऱ्या शेतकऱ्याचे काय होणार आणि किती मुदतीत होणार, हे शासननिर्णयातच नमूद असणे आवश्यक ठरते. अन्यथा पुणतांब्याच्या ग्रामसभेत मांडलेला प्रश्न संगणकाच्या एका रिकाम्या रकान्यात अडकून राहतो.