‘बार’ सूट
ख्रिस्तियाँ दिओरने १२ फेब्रुवारी १९४७ रोजी पॅरिसमध्ये आपल्या पहिल्याच संग्रहात सादर केलेला पोशाख. हस्तिदंती शांतुंग रेशमाचं जाकीट, खाली काळ्या लोकरीचा चुण्यांचा घेरदार स्कर्ट. कंबर मुठीत मावेलशी दिसते ती शिवणकामाची करामत: जाकिटाला कमरेखाली आतून भर घालून गोलाई दिलेली आहे.

युद्धात कापडाचं रेशनिंग सोसलेल्यांना हा मीटरच्या मीटर घेर उधळपट्टी वाटला, निदर्शनंही झाली. दिओरला भांडवल पुरवणारे मार्सेल बुसाक कापडगिरण्यांचे मालक होते, हे इथे ध्यानात घ्यावं.

दिओरच्या या शैलीला ‘न्यू लुक’ हे नाव ‘हार्पर्स बझार’च्या संपादिका कार्मेल स्नो यांच्या उद्गारावरून पडलं. फॅशन डिझायनर कोको शनेलला मात्र हे कंबर आवळणं मुळीच रुचलं नाही. १९५४मध्ये ती व्यवसायात परतली आणि सैलसर, सुटसुटीत सूट शिवू लागली.